विमानाला 'खो' कोण देतं?

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांसाठी एपिसोड आहेच, पण ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे लिहून काढलंय. बोलताना झालेले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' आणि मागे भुंकणारा कुत्रा काढून टाकलाय. बाकी सगळं तेच आहे.

आजचा विषय थोडा हटके आहे. विमान उडत असताना जमिनीवरच्या एका स्टेशनकडून दुसऱ्या स्टेशनकडे त्याचा संपर्क सोपवला जातो. हे सोपवणं, म्हणजे हँडओव्हर, पटकनही व्हायला हवं आणि त्यात कुणी मध्ये घुसताही कामा नये. ऐकायला सोपं वाटतं ना? यातली एक गोष्ट साधायला गेलं की दुसरी कशी निसटते आणि इंजिनियर लोक त्यावर काय करतात, ते आज बघू.

आधी एक प्रसंग

१६ फेब्रुवारी २०१७. जेट एअरवेजचं मुंबईहून लंडनला निघालेलं बोईंग ७७७. आत ३३० प्रवासी आणि १५ कर्मचारी. विमान जर्मनीवरून जात होतं आणि खालच्या एटीसीशी त्याचा संपर्क तुटलेला होता. कंट्रोलर हाका मारतोय, उत्तर नाही. मग जर्मन हवाई दलाची लढाऊ विमानं उडाली आणि येऊन त्याच्या शेजारी उडू लागली. पुढे संपर्क पुन्हा जुळला आणि विमान लंडनला सुखरूप उतरलं. मागून येणाऱ्या दुसऱ्या विमानातून काढलेला याचा व्हिडिओ तेव्हा व्हॉट्सॲपवर भरपूर फिरला होता. तुमच्यापैकी काहींनी बघितलाही असेल.

त्या दिवशी नेमकं काय चुकलं, याच्या तपशिलात आज जात नाही. पण संपर्क तुटला की काय होतं, ते यावरून कळतं. जमिनीवरच्या माणसाला उत्तर न देणारं विमान म्हणजे थेट संशयच.

दुसरा प्रसंग २१ ऑक्टोबर २००९ चा, अमेरिकेतला. नॉर्थवेस्टचं १८८ नंबरचं उड्डाण सॅन डिएगोहून मिनियापोलिसला चाललं होतं. वाटेत डेन्व्हरच्या केंद्रानं पायलटना सांगितलं, आता पुढच्या फ्रिक्वेन्सीवर जा. पायलटनी ते परत म्हणूनही दाखवलं. पण पुढच्या फ्रिक्वेन्सीवर त्यांचा आवाज काही आलाच नाही. दोघं लॅपटॉपवर ड्युटीच्या वेळापत्रकाची नवी सिस्टीम बघण्यात गुंतले होते. तासाभराहून जास्त वेळ कुणाशीच बोलणं नाही. विमान मिनियापोलिस ओलांडून शंभर मैलांहून जास्त पुढे गेलं. शेवटी केबिनमधून 'आपण उतरणार कधी?' असा फोन आल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

आता सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेनं बघा. जुन्या केंद्राला वाटलं, पाठवलं. नव्या केंद्राकडे कुणी पोचलंच नाही. आणि मधल्या काळात 'हे विमान नक्की कुणाकडे आहे?' याचं उत्तर कुठल्याच यंत्राकडे नव्हतं, कारण सगळा हँडओव्हर माणसाच्या तोंडावर आणि हातावर चालला होता. कंट्रोलर आकडा सांगणार, पायलट तो परत म्हणणार, मग रेडिओवर फिरवून बोलणार. आजही जगातल्या बहुतेक आकाशात आवाजी संपर्क असाच चालतो. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झचा पट्टा आणि त्यावर साधं एएम मॉड्युलेशन. म्हणजे तत्त्वानं तुमच्या आजोबांच्या मीडियम वेव्ह रेडिओचाच भाऊ.

खो-खो आठवतोय?

शाळेत खो-खो खेळलेल्यांना हँडओव्हर शिकवायची गरजच नाही. पळणारा गडी दमला, किंवा समोरचा दुसऱ्या बाजूला सटकला, की तो बसलेल्या गड्याला खो देतो. पाठीवर हात लागला पाहिजे आणि तोंडानं 'खो' आला पाहिजे. खो न मिळता बसलेला उठला तर फाऊल. खो द्यायला उशीर झाला तर समोरचा गडी निसटला. आणि जर प्रेक्षकांतल्या कुणी टवाळानं 'खो' ओरडून बसलेल्याला उठवलं, तर सगळा खेळच बोंबलला.

विमानाच्या हँडओव्हरमध्ये हेच तीन प्रश्न आहेत. खो वेळेवर मिळाला का? खो देणारा खरा आहे का? आणि खो घेऊन उठणारा खरा आहे का?

तुमच्या मोबाइलमध्ये हे रोज होतं. दादरहून ठाण्याची लोकल पकडा आणि फोनवर बोलत बसा. वाटेत तुमचा फोन कितीतरी टॉवर बदलतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. फोन आजूबाजूच्या टॉवरचा सिग्नल मोजून कळवतो, नेटवर्क ठरवतं, जुना टॉवर नव्याला सांगून ठेवतो आणि फोन उडी मारतो. मग विमानात हेच का नाही?

विमानात आज काय आहे

डिजिटल संदेश विमानात नवीन नाहीत. एकार्स नावाची टेलेक्ससारखी सेवा १९७८ पासून आहे. तिचा मूळ वेग सेकंदाला २,४०० बिट. त्यानंतर आली व्हीडीएल मोड २, सेकंदाला ३१.५ किलोबिट. आपल्या व्हॉट्सॲपवरचा एक सकाळचा 'सुप्रभात' फोटोसुद्धा त्यावरून जायला कितीतरी सेकंद घेईल.

या वाटांवरून पायलट आणि कंट्रोलर लेखी संदेश पाठवतात. त्याला सीपीडीएलसी म्हणतात. 'अमुक उंचीवर चढा', 'समजलं, चढतोय', असा चॅटसारखा प्रकार. समुद्रावर, जिथे साधा व्हीएचएफ रेडिओ पोचत नाही, तिथे हा उपग्रहावरून चालतो. आपल्या मुंबईच्या केंद्राकडे अरबी समुद्राचा मोठा टापू आहे. तिथेही तो वापरतात.

गंमत म्हणजे सीपीडीएलसीत खो-खोचा नियम आधीपासून आहे. विमान ज्या केंद्राच्या हवाली आहे ते केंद्र संदेश पाठवतं, 'तुझं पुढचं केंद्र अमुक'. त्यानंतर विमान फक्त त्याच नावाच्या केंद्राचं कनेक्शन आधीपासून जोडून ठेवू देतं. दुसरं कुणी आलं तर नकार. मग जुनं केंद्र आपलं कनेक्शन बंद करतं आणि नवं केंद्र ताबा घेतं. छान डिझाइन आहे.

पण केंद्राची ओळख म्हणजे काय? चार अक्षरांचा कोड. मुंबईचा आहे व्ही-ए-बी-एफ. हा कोड कुठल्याही चार्टवर छापलेला असतो. आज सर्रास वापरात असलेल्या संदेशांवर तो खरंच मुंबईनं पाठवलाय हे सिद्ध करणारी डिजिटल सही नसते. एकार्सचे संदेश तर बहुतांशी उघडेच असतात. स्वस्तातला यूएसबी रेडिओ लॅपटॉपला लावून हौशी लोक ते वाचतात. म्हणजे दार आहे, दाराला नावाची पाटीही आहे. कुलूप तेवढं नाही.

'पण असं खोटं कोण बोलणार?' असं वाटतंय? २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या आसपास एका माणसानं रेडिओवर कंट्रोलर असल्याची बतावणी करून विमानांना खोट्या सूचना दिल्या. एका प्रवासी विमानानं त्यामुळे उतरणं सोडून पुन्हा वर चढायला घेतलं. माणूस पुढे पकडला गेला, शिक्षाही झाली. तो आवाजी रेडिओ होता. आवाजात निदान उच्चार, बोलण्याची ढब, काहीतरी खटकतं. स्क्रीनवर उमटलेल्या मजकुराला उच्चार नसतो.

नवी वाट: एलडॅक्स

यासाठी जे नवं नेटवर्क तयार होतंय त्याचं नाव एलडॅक्स. जर्मनीच्या अंतराळ आणि हवाई संशोधन केंद्राचा, म्हणजे डीएलआरचा, यात मोठा वाटा आहे. २०१९ मध्ये जर्मनीत खऱ्या विमानातून त्याची चाचणी झाली. मार्च २०२३ मध्ये त्याची ओळख करून देणारं आरएफसी ९३७२ हे इंटरनेटवाल्यांचं दस्तऐवजही आलं. ते कुणालाही फुकट वाचता येतं आणि वाचायला बरं आहे.

याची रचना 4जीच्या जवळची आहे. वापरलेलं तंत्र तेच, ओएफडीएम. जागा मिळाली ९६० ते ११६४ मेगाहर्ट्झमध्ये, आणि तीही मोकळी नाही. तिथे अंतर मोजणारी जुनी यंत्रणा बसलेली आहे. तिच्या दोन चॅनलांच्या फटीत अर्ध्या मेगाहर्ट्झचं चॅनल बसवायचं. भरलेल्या लोकलमध्ये चौथी सीट मिळवण्यासारखं. तरी वेग सेकंदाला साधारण ३०० किलोबिटपासून १.४ मेगाबिटपर्यंत जातो. आणि एका सेलमध्ये जास्तीत जास्त ५१२ विमानं.

सेल मात्र अवाढव्य. स्टेशनपासून २०० नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर. म्हणजे पुण्यात एक स्टेशन ठेवलं तर गोव्याचा बराचसा भाग त्यात मावेल. ताशी ९०० किलोमीटरनं उडणारं विमान असा पूर्ण सेल पार करायला पाऊण तासाहून जास्त घेतं.

इथे तुम्ही म्हणाल, मग घाई कशाची? लोकलमध्ये दर काही मिनिटांना टॉवर बदलतो, इथे अर्ध्या-पाऊण तासातून एकदा. पाच सेकंद लागले तर लागू द्या की!

मलाही आधी असंच वाटलं होतं.

घाई का आहे

पहिलं कारण, ही एकाच रेडिओची उडी असते. नवं धरून मग जुनं सोडायचं, असं दर वेळी करता येत नाही. अशा वेळी आधी जुनं सुटतं, मग नवं धरलं जातं. मधल्या वेळात विमान कुणाचंच नसतं. या लिंकवरून पुढे डिजिटल आवाजही जाणार आहे. कंट्रोलर 'डावीकडे वळा' म्हणत असताना 'डावी' गिळलं गेलं तर?

दुसरं कारण भौतिकशास्त्राचं. विमान सेकंदाला २५० मीटर पळतंय. साधारण १,००० मेगाहर्ट्झवर त्यामुळे फ्रिक्वेन्सी सुमारे ८३० हर्ट्झनं सरकते. तोच डॉप्लर परिणाम, जो ॲम्ब्युलन्स जवळून गेल्यावर सायरनच्या आवाजात कळतो. जुनं स्टेशन मागे राहिलंय, म्हणून सरकणं खालच्या बाजूला. नवं स्टेशन समोर आहे, म्हणून वरच्या बाजूला. उडी मारताक्षणी रेडिओला साधारण १,६०० हर्ट्झचा हिसका बसतो. शिवाय वेळेचा फरक. ३७० किलोमीटर जायला रेडिओलहरीला सव्वा मिलिसेकंद लागतो. नवं स्टेशन वेगळ्या अंतरावर, म्हणजे आपण कधी बोलायचं याचं घड्याळही नव्यानं लावायचं. चुकलं तर आपलं बोलणं दुसऱ्या विमानाच्या वेळेत घुसतं.

तिसरं कारण, रांग. एलडॅक्समध्ये सगळं २४० मिलिसेकंदांच्या ठोक्यावर चालतं. त्याला सुपरफ्रेम म्हणतात. ओळख नसलेल्या नव्या विमानाला 'मी आलोय' म्हणायची संधी प्रत्येक ठोक्याच्या सुरुवातीला छोट्याशा खिडकीत मिळते. दोन विमानं एकदम बोलली तर दोघांचं वाया. पुढच्या ठोक्याची वाट बघा.

आता या सगळ्यावर सुरक्षेचं ओझं ठेवा.

सुरक्षा म्हणजे बाइट आणि फेऱ्या

एलडॅक्समध्ये विमान आणि ग्राउंड स्टेशन दोघं एकमेकांना ओळख पटवतात. जुन्या 2जी मोबाइलमध्ये फक्त फोन स्वतःला सिद्ध करायचा, टॉवर नाही. म्हणूनच खोटा टॉवर लावून फोन फसवण्याची यंत्रं निघाली. विमानात ती चूक परवडणार नाही. म्हणून दोन्हीकडून सर्टिफिकेट, दोन्हीकडून डिजिटल सही आणि डिफी-हेलमन पद्धतीनं दोघांनाच माहीत असलेली ताजी किल्ली. ऐकणाऱ्या तिसऱ्याच्या हाती काही लागत नाही.

पण हे फुकट नाही. संदेश जातो, उत्तर येतं, त्यावर पुन्हा संदेश जातो. प्रत्येक फेरीला ठोक्याची वाट. आणि प्रत्येक सहीचं वजन. आज वापरात असलेली पी-२५६ जातीची सही ६४ बाइटची असते. पण विमानं पंचवीस-तीस वर्षं उडतात, म्हणजे आज बसवलेला रेडिओ क्वांटम कॉम्प्युटरच्या काळातही आकाशात असू शकतो. म्हणून क्वांटमला पुरून उरतील अशा सह्यांचा विचार आत्ताच करावा लागतो. अमेरिकेच्या निस्ट संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये एमएल-डीएसए हे मानक जाहीर केलं. त्याच्या मधल्या प्रकारातली एक सही ३,३०९ बाइटची. पन्नासपटीहून जास्त! व्हीडीएल मोड २ वर, चॅनल पूर्ण रिकामं मिळालं असं धरलं तरी, ही एक सही पोचायला ०.८४ सेकंद. त्यात सर्टिफिकेट धरलेलं नाही आणि समोरच्याची सही अजून यायचीच आहे. एलडॅक्सच्या सगळ्यात हळू वेगावर तीच सही साधारण ०.०९ सेकंदात जाईल, पण ते चॅनल इतर विमानांशी वाटून घ्यायचंय हे विसरू नका.

तर असा पेच आहे. नीट ओळख पटवायची तर वेळ लागतो, आणि वेळ वाचवायचा तर ओळख अर्धवट राहते.

माझी एक चूक

इथे एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी मी एका डिलिव्हरी ॲपवर काम करत होतो. रायडर दुकानातल्या वायफायवरून बाहेर मोबाइल डेटावर गेला की ॲप पुन्हा लॉगिन मागायचं. तीन-चार सेकंद चक्र फिरत राहायचं आणि रायडर वैतागायचे, ते बरोबरच होतं. मी 'उपाय' केला. जुना सेशन नंबर दाखवला की थेट आत, बाकी तपासणी नंतर बघू. चक्र गायब! सगळे खूश, मी तर फारच खूश.

आठवड्याभरात आमच्या टेस्टिंगमधल्या ताईनं मला खुर्ची ओढून बसायला सांगितलं. तिनं एका फोनवरचा सेशन नंबर दुसऱ्या फोनवर टाकला आणि माझ्यासमोर दुसऱ्याच रायडरच्या नावानं ऑर्डर उचलून दाखवली. 'वेग छान वाढवलास,' म्हणाली, 'चोरासाठीसुद्धा.'

आमच्याकडे फार तर एखादी बिर्याणी चुकीच्या घरी गेली असती. पण त्या दिवसापासून कुठलाही 'फास्ट' रस्ता दिसला की मी आधी बघतो, यातली तपासणी कुठे गेली? काढून टाकली, की दुसरीकडे हलवली? आजच्या विषयाचं सगळं मर्म मला या प्रश्नात दिसतं.

तपासणी काढायची नाही, आधी उरकायची

आता रस्ते बघू.

पहिला रस्ता, प्रत्येक नव्या स्टेशनवर सगळी ओळखपरेड पहिल्यापासून. सुरक्षित आहे, पण उडी मारल्यानंतर, म्हणजे नेमक्या नाजूक क्षणी, सगळ्यात जड काम करावं लागतं.

दुसरा रस्ता, जुन्या स्टेशननं आपली किल्ली नव्याला देऊन टाकायची. झटपट! पण एक स्टेशन कुणी फोडलं तर पुढच्या सगळ्या स्टेशनांची किल्ली त्याच्या हातात. घर बदललं पण कुलूप तेच, अशातला प्रकार.

4जीनं यात एक हुशारी केली. जुना टॉवर आपली किल्ली जशीच्या तशी देत नाही. किल्ली आणि नव्या टॉवरचा नंबर एकदिशा फंक्शनमधून फिरवून नवी किल्ली बनवतो. एकदिशा म्हणजे पोह्यांचं. भाताचे पोहे होतात, पोह्यांचा पुन्हा भात होत नाही. त्यामुळे नव्या टॉवरला जुनी किल्ली काढता येत नाही, आधीचं बोलणं सुरक्षित. पण जुन्या टॉवरला नवी किल्ली माहीतच असते, कारण त्यानंच ती बनवली. म्हणून नेटवर्कचा मधला मेंदू वेगळा ताजा मसाला पुरवतो, जो फक्त त्याला आणि तुमच्या फोनला बनवता येतो. एक-दोन हँडओव्हर झाले की जुना टॉवर पूर्ण बाहेर. आणि हे सगळं हवेतून एकही सर्टिफिकेट न पाठवता.

तिसरा रस्ता मला सगळ्यात आवडतो. जुनी लिंक चांगली चालू असतानाच, तिच्यातूनच, नव्या स्टेशनशी ओळख करून घ्यायची. विमानाला मार्ग माहीत असतो. पुढचं स्टेशन कुठलं हे अर्धा तास आधी सांगता येतं. लोकलमधल्या फोनला ही चैन नाही. मग जड सह्या, सर्टिफिकेट, किल्लीची देवाणघेवाण सगळं निवांतपणे जुन्या स्टेशनमार्गे उरकून घ्या. जुनं स्टेशन फक्त पोस्टमन. पाकीट बंद असल्यामुळे त्याला आतलं कळत नाही. उडी मारताना फक्त एक छोटा संदेश जातो, 'मीच तो, हा पुरावा, हा ताजा आकडा'. समोरून तसंच उत्तर. संपलं.

तुमच्या ऑफिस-कॉलेजच्या वायफायमध्ये याचा भाऊबंद आहे. ८०२.११आर नावाचं मानक, २००८ चं. त्यात फोन सध्याच्या राउटरमार्फत पुढच्या राउटरशी आधीच बोलून ठेवू शकतो.

रेडिओचं घड्याळ आणि डॉप्लरही असेच आधी हाताळता येतात. एलडॅक्सच्या २४० मिलिसेकंदांच्या ठोक्यात घोषणेसाठी राखलेली वेळ असते. त्या वेळात विमान शेजारच्या स्टेशनची घोषणा ऐकून सिग्नल मोजू शकतं. शिवाय दोन्ही स्टेशनांनी जमिनीवरच्या तारेनं आपसात ठरवून ठेवलं, तर विमानाला नव्या ठिकाणी आगंतुकासारखं दार ठोठवावं लागत नाही. बोलायची वेळ आधीच राखून ठेवलेली असते.

तरी फट राहते

आता सगळं सुटलं असं वाटेल. थांबा.

२०१७ मध्ये मॅथी वॅनहूफ या संशोधकानं वायफायमधली क्रॅक नावाची कमजोरी दाखवली. त्यातला एक भाग नेमका त्या वेगवान हँडओव्हरमधला होता. हल्लेखोरानं फोनचा जुनाच 'मी आलो' संदेश पकडून राउटरला पुन्हा ऐकवायचा. राउटरला वाटायचं, पहिला हरवला असेल. तो तीच किल्ली पुन्हा बसवायचा आणि संदेशांची मोजणी शून्यापासून सुरू करायचा. एकाच किल्लीवर एकच आकडा दोनदा वापरला की एन्क्रिप्शनची भिंत ढासळते. किल्ली चोरीला गेली नव्हती, गणितही बरोबर होतं. 'हा संदेश ताजा आहे का?' हे तेवढं राउटरनं विचारलं नव्हतं.

खो-खोच्या भाषेत सांगायचं तर कुणीतरी मागच्या डावातला 'खो' मोबाइलवर रेकॉर्ड करून या डावात वाजवला. आवाज खऱ्या गड्याचाच, पण शिळा. म्हणून छोट्या शेवटच्या संदेशात ताजा आकडा लागतोच आणि वापरलेली किल्ली पुन्हा बसवायची नाही म्हणजे नाही.

दुसरी फट जमिनीवर आहे. विमान नव्या स्टेशनकडे गेलं की त्याच्यासाठी आलेला संदेश आता कुठून पाठवायचा, हे मागच्या नेटवर्कला कळायला हवं. विमानाचा आयपी पत्ता तोच राहतो, वाट बदलते. त्यासाठी लिस्प नावाच्या पद्धतीवर आधारलेली रचना निवडलीय, जिच्यात 'हा पत्ता सध्या या दाराशी' अशी वहीच असते. पोस्टात पत्ताबदलाचा अर्ज देतो, तसंच. आता तो अर्ज कुणी खोटा भरला तर? हवेतली लिंक कितीही पक्की असो, तुमची पत्रं भलत्याच घरी. म्हणून वहीत नोंद करणाऱ्याचीही ओळख तपासावी लागते.

आणि तपासणी फसली तर?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बँकेचं ॲप शंका आली की तुम्हाला बाहेर काढतं, आणि ते ठीकच आहे. उडत्या विमानाला 'लॉगिन अयशस्वी, थोड्या वेळानं प्रयत्न करा' असं सांगता येत नाही. तिथे कुलूप उघडलं नाही तर माणूस अंगणात नाही, ३५,००० फुटांवर उभा असतो.

म्हणून चांगल्या रचनेत पायऱ्या ठेवाव्या लागतात. सेलच्या अगदी कडेला पोचायच्या आधीच हँडओव्हर सुरू करायचा, म्हणजे फसला तर जुन्या स्टेशनकडे परत यायला जागा राहते. छोटा रस्ता फसला तर पूर्ण ओळखपरेडचा मोठा रस्ता. तोही नाही तर दुसरी लिंक, उपग्रहाची. आणि सगळं बंद पडलं तर तोच जुना आवाजी रेडिओ, १२१.५ मेगाहर्ट्झची आणीबाणीची फ्रिक्वेन्सी आणि ट्रान्सपॉन्डरवर ७६०० हा कोड, ज्याचा अर्थ 'माझा रेडिओ गेलाय'. विमानवाले जुनी गोष्ट टाकून देत नाहीत ते यामुळेच.

फक्त एक पथ्य पाळायला हवं. खाली घसरताना पायलटला आणि कंट्रोलरला ते दिसलं पाहिजे. नाहीतर हल्लेखोर मुद्दाम पक्की लिंक बिघडवून तुम्हाला बिनकुलपाच्या वाटेवर आणेल, आणि तुम्ही खुशाल बोलत बसाल.

जाता जाता

पुढच्या वेळी विमानात खिडकीशी बसलात आणि खाली अंधारात एखाद्या गावाचे दिवे सरकताना दिसले, तर आठवा. तुम्ही बिस्किटाचं पाकीट फोडत असताना पुढे कुणीतरी आकडा ऐकून परत म्हणून दाखवतोय आणि बटण फिरवतोय. उद्या हे काम यंत्र करेल, पायलटला कळायच्या आत करेल. तेव्हा ते यंत्र अर्धा तास आधीच पुढच्या स्टेशनची कागदपत्रं बघून बसलेलं असावं, एवढीच अपेक्षा आहे.

आणि तुमच्यातले जे माझ्यासारखे कोड लिहिणारे आहेत, त्यांना एक गृहपाठ. तुमच्या ॲपमध्ये 'फास्ट लॉगिन', 'पुन्हा जोडा', 'लक्षात ठेवा' असा एखादा रस्ता नक्की असेल. उद्या सकाळी तो उघडा आणि बघा, तिथली तपासणी आधी उरकलीय की गाळलीय. उत्तर नाही आवडलं तर लगेच दुरुस्त करा. सगळ्यांच्या टीममध्ये आमच्यासारखी ताई नसते.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा, आणि विमानात असाल तर फोन फ्लाइट मोडवर टाका!